पाइप फुटून घरभर पाणी, सर्व्हेअर म्हणतो "हे सीपेज आहे". होम इन्शुरन्सच्या क्लेमचं काय करू?

डोंबिवलीची_वहिनी:

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही म्हणून वाचा प्लीज.

आम्ही गणपतीला गावी होतो, कणकवलीजवळ. नेहमीप्रमाणे घर बंद करून गेलो, गॅस बंद, मेन स्विच बंद (फ्रिजमुळे एक एमसीबी फक्त चालू), पण पाण्याचा वॉल्व बंद करायचं या वेळी राहिलं आणि तिथेच घात झाला. गौरीपूजनाच्या दिवशी पहाटे पावणेसहाला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन, की अगं तुमच्या दाराखालून पाणी येतंय, जिन्यावरून धबधबा चाललाय आणि आमच्या हॉलमधलं पीओपी खाली आलंय. सेक्रेटरींनी गच्चीवरचा वॉल्व बंद केला, कल्याणहून माझे धाकटे दीर किल्ली घेऊन आले तोवर साडेसात झाले होते. किचनच्या सिंकखालचा जो स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाइप असतो ना, तो अँगल कॉकपाशी (भिंतीतला छोटा नळ) नटातूनच तुटला होता. टाकीचं पाणी चोवीस तास असतं आमच्याकडे, त्यामुळे रात्रभर धो धो.

आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. तोवर दिरांनी पाणी काढलं होतं पण सुताराकडून करून घेतलेलं कपाट खालून फुगलेलं, लॅमिनेट सुटून बाहेर आलेलं, किचनच्या ट्रॉल्या उघडतच नाहीत, बॉक्स बेडच्या आत सगळं भिजलेलं. त्यात सासूबाईंची पैठणी होती, जांभळी, तिचा रंग उतरून शेजारच्या साड्यांना लागलाय आणि जर काळी पडलीय. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती घडी घालून ठेवली परत. मला तेच जास्त लागलं.

होम लोनबरोबर बँकेने पॉलिसी दिली होती ती आहे, भारत गृह रक्षा, इमारतीचा सम इन्शुअर्ड (विम्याची रक्कम) ३० लाख. क्लेम टाकला. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, आला, वीस मिनिटं होता. मला विचारलं किती दिवस गळत होतं, मी म्हटलं माहीत नाही हो आम्ही गावी होतो. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला जुनी ओल आहे, तिचे चार फोटो काढले आणि जाताना म्हणाला हे तर सीपेज दिसतंय, हळूहळू झालेलं, पॉलिसीत बसत नाही, तरी बघतो ६०-६२ हजारांचं काही होतंय का. आमचा एस्टिमेट ३ लाख ८५ हजार आहे. वर सगळ्या सामानाची ओरिजिनल बिलं द्या म्हणून मेल आलाय. २०१४ साली सुताराने घरी बसून केलेल्या कपाटाचं बिल कुठून आणू? आणि खालच्या काकूंचं पीओपी आणि रंग मिळून ४० हजार होतायत, ते आमच्या इन्शुरन्समधून मिळतील का? कोणाला अनुभव असेल तर सांगा, मिस्टर म्हणतायत मिळेल ते घे आणि सोडून दे, माझं मन मानत नाही.

---

पाटील_नवी_मुंबई:

ताई मिस्टर बरोबर बोलतायत. इन्शुरन्सवाले घेताना गोड बोलतात देताना कारणं सांगतात. माझ्या भावाचं दीड वर्ष गेलं, डोकं खराब करून घेऊ नका.

---

निवृत्त_सर्व्हेअर_नाशिक:

ताई, अजिबात सोडू नका. मी २६ वर्षं सर्व्हेअर म्हणून काम केलंय, फायर आणि मिसलेनियस दोन्ही, आता नाशिकला असतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो.

तुमचं सगळं प्रकरण एका शब्दावर अडलंय. सीपेज म्हणजे झिरपणं, वॉटरप्रूफिंग गेलं, टाइल्समधला ग्राउट गेला, महिनोन्महिने ओल येत राहिली, ते देखभालीत जातं, विमा ते देत नाही आणि त्यात त्यांचं चुकतही नाही. पण पाण्याच्या टाक्या, नळजोडण्या आणि पाइप फुटणं किंवा ओसंडणं हा भारत गृह रक्षा पॉलिसीत वेगळा नाव घेऊन लिहिलेला धोका आहे. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दरड यांच्याच यादीत तो आहे. ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना सारख्या मजकुराने द्यायला लावलीय, त्यामुळे कंपनी कुठलीही असो कलम तेच. तुमच्या कपाटातली पॉलिसी काढा, कव्हरवरचं सर्टिफिकेट नाही, आतला पूर्ण मजकूर, बँकेने दिला नसेल तर कंपनीला मेल करून मागा.

आता मला एक सांगा, क्लेम कळवताना तुम्ही काय लिहिलंत? बहुतेक "किचनमध्ये लीकेज झाले" असं लिहिलं असेल. नव्वद टक्के लोक तेच लिहितात, कारण आपण बोलताना सगळ्यालाच लीकेज म्हणतो. पण फाइलवर तो शब्द आला की समोरचा माणूस सीपेजच्या दिशेने विचार करायला लागतो. त्यात तुम्ही "किती दिवस गळत होतं माहीत नाही" म्हणालात. खरं तेच बोललात, पण त्याने लिहून घेतलं असणार "इन्शुअर्ड कालावधी सांगू शकला नाही".

म्हणून आधी हे सिद्ध करा की आदल्या रात्रीपर्यंत घर कोरडं होतं आणि पाणी एका रात्रीत आलं. त्यासाठी सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तो तुटलेला पाइप. कुठे आहे तो? प्लंबरने नेला असेल तर आजच्या आज परत मागा. झिरपणाऱ्या नटावर पांढरा-हिरवा खार साचलेला असतो, थरावर थर, नखाने निघतो. अचानक फुटलेल्या पितळेच्या नटाचा काप आतून स्वच्छ पिवळा चमकतो. ज्याला काम येतं त्या सर्व्हेअरला तो नट हातात दिला की पुढे बोलावंच लागत नाही. भिंतीचंही तसंच, जुन्या ओलीत रंगाचे पापुद्रे निघतात, बुरशीचे काळे ठिपके असतात, प्लास्टर भुसभुशीत होतं. तुमच्याकडे बहुतेक सगळ्या खोल्यांत जमिनीपासून एकाच उंचीवर पाण्याची रेघ असेल, कपाटाच्या पायाला, दाराच्या चौकटीला. ती रेघ मोजपट्टी लावून फोटो काढा. बाथरूमच्या त्या जुन्या ओलीचा क्लेम तुम्ही करतच नाही आहात हे पण साफ लिहा, लपवू नका, उलट वेगळं काढा म्हणजे दोन्हीची खिचडी होणार नाही.

बिलांचं. २०२४ च्या जूनमध्ये आयआरडीएआयचं मास्टर सर्क्युलर आलं, त्यात स्पष्ट आहे की कागदपत्रं नाहीत म्हणून क्लेम नाकारायचा नाही, आणि फक्त क्लेमशी थेट संबंध असलेली आवश्यक कागदपत्रंच मागायची. सुताराने केलेल्या फर्निचरचं बिल नसतंच. आजच्या भावाचं दोन सुतारांकडून कोटेशन घ्या, त्यात लांबी-रुंदी, प्लायचा ग्रेड, लॅमिनेट, मजुरी वेगळी लिहून घ्या. जुने फोटो शोधा, वाढदिवस, सत्यनारायण, ज्यात मागे कपाट दिसतंय. त्याच सर्क्युलरमध्ये वेळेचं पण आहे, सर्व्हेअरचा रिपोर्ट नेमणुकीपासून १५ दिवसांत आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागायचा तुम्हाला हक्क आहे, लेखी मागा. तोंडी "६०-६२ हजार" याला काही अर्थ नाही.

आणि शेड्यूल (काय काय कव्हर आहे ते लिहिलेलं पॉलिसीचं पान) बघा, बिल्डिंग आणि कंटेंट्स (घरातलं सामान) दोन्ही आहे की फक्त बिल्डिंग. दोन्ही असेल तर घरातलं साधं सामान इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप कव्हर असतं, यादी द्यायची गरज नसते. म्हणजे तुमचं ६ लाखांपर्यंत. बँकेच्या पॉलिसीत पुष्कळदा फक्त बिल्डिंग असते म्हणून आधी ते बघा. अंडरइन्शुरन्सची, म्हणजे किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा काढला म्हणून होणारी, कपात पण या पॉलिसीत माफ आहे, कोणी घराची किंमत ६० लाख आहे म्हणून निम्मेच देतो म्हणाला तर ऐकू नका.

---

डोंबिवलीची_वहिनी:

काका तुम्हाला किती आभार मानू. तुम्ही म्हणालात तसंच, मेलमध्ये मी "वॉटर लीकेज इन किचन" असंच लिहिलंय, आत्ता उघडून बघितलं. शेड्यूलवर होम बिल्डिंग अँड कंटेंट्स आहे, देव पावला.

आणि पाइप आहे! दिरांनी गॅलरीतल्या बादलीत टाकून ठेवला होता. नट अर्धा तुटून अँगल कॉकवरच राहिला होता तो पण प्लंबरने काढून तिथेच टाकलाय. आतून खरंच पिवळाधमक आहे. मी दोन्ही तुकडे झिपलॉकच्या पिशवीत घालून देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत, आता ते तिथून हलवत नाही.

---

सेक्रेटरी_ठाणे:

वहिनी तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. पहाटे कोणीतरी नक्की लिहिलं असेल "बी विंगमध्ये पाणी कुठून येतंय", "टाकी रिकामी कशी". त्या मेसेजच्या वेळा हा पुरावा आहे. आदल्या रात्री वॉचमन जिन्यावरून फिरला तेव्हा जिना कोरडा होता हे त्याच्याकडून लिहून घ्या, जिन्याचा किंवा लॉबीचा सीसीटीव्ही असेल तर फुटेज आधी सेव्ह करायला सांगा, आमच्याकडे पंधरा दिवसांत वरून रेकॉर्ड होतं आणि पुसलं जातं, कित्येकांचं पुसलं जाऊन मग पळापळ होते. सेक्रेटरींकडून लेटरहेडवर पत्र घ्या, अमुक तारखेला इतक्या वाजता गच्चीवरचा वॉल्व बंद केला, फ्लॅट बंद होता, यापूर्वी या फ्लॅटमधून गळतीची तक्रार नव्हती. शेवटचं वाक्य खरं असेल तरच.

खालच्या काकूंबद्दल. तुमची पॉलिसी तुमच्या घराची आणि तुमच्या सामानाची, दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी त्यात नसते, ती वेगळी पब्लिक लायबिलिटी म्हणून घ्यावी लागते. काकूंची स्वतःची पॉलिसी असेल तर त्या त्यावर क्लेम करू शकतात. सोसायटीवर ढकलू नका, मॉडेल बायलॉजप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती, ड्रेनेज लाइन, कॉमन पाइप हे सोसायटीचं, पण फ्लॅटच्या आतल्या नळ-सिंक-संडासातून झालेलं सभासदाचं. हे मी कमिटीत राहून रोज भांडणं बघतो म्हणून सांगतो. पीओपी मटेरियल आणि मजुरीचं कोटेशन तुम्ही दोघींनी मिळून घ्या, एकाच कॉन्ट्रॅक्टरकडून, म्हणजे आकड्यावरून मन कलुषित होणार नाही. पहाटे फोन त्यांनीच केला ना. तो फोन आला नसता तर दुपारपर्यंत पाणी चाललं असतं.

---

चिपळूणचा_बाळू:

आमचं २२ जुलै २०२१ चं. वाशिष्ठीचं पाणी. तळमजल्याचं घर, पाणी पंख्याला लागलं होतं, आम्ही माळ्यावर आणि मग शेजारच्यांच्या गच्चीवर. तुमचं आणि आमचं कलम वेगळं, आमचं पूर, तुमचं पाइप, पण पुढची झटापट सारखीच म्हणून लिहितो.

एक म्हणजे कुठलंही भिजलेलं मशीन चालू करून बघू नका!! आमच्या आळीत दोघांनी वॉशिंग मशीन "चालतंय का बघू" म्हणून लावलं, मोटर जळाली आणि मग कंपनी म्हणाली हे शॉर्ट सर्किटने गेलं, ते पॉलिसीत वगळलेलं आहे. आधी टेक्निशियन बोलवा, त्याला जॉबशीटवर लिहायला लावा की आत पाणी गेल्यामुळे खराब, तारीख सही शिक्का.

दुसरं, वास येतो म्हणून सगळं फेकून देऊ नका, आमच्या आईने गाद्या, उशा, धान्याचे डबे सगळं रस्त्यावर काढलं, नगरपालिकेच्या ट्रॉलीने नेलं, मोजायला काही उरलंच नाही. आमच्या वेळी तलाठ्याचा पंचनामा होता म्हणून निभावलं, तुमच्याकडे तसा पंचनामा होणार नाही त्यामुळे तुमचे फोटो हाच पंचनामा समजा. खोलीखोलीने व्हिडीओ, बोलत बोलत, हे कपाट, हा बेड, ही गादी. फेकायचंच असेल तर मेल टाका की आरोग्याच्या कारणाने अमुक तारखेला विल्हेवाट लावतोय, त्याआधी बघायचं असेल तर या. आम्ही तसं केलं तेव्हा तिसऱ्या दिवशी माणूस आला, नाहीतर बारा दिवस फोन उचलत नव्हते.

तिसरं ते डिस्चार्ज व्हाउचर. पैसे देताना फुल अँड फायनल म्हणून सही मागतात. आम्हाला पैशाची इतकी नड होती की बाबा सही करणारच होते. आमच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की २०१५ सालीच आयआरडीएआयने कंपन्यांना कळवलंय, अशा सहीने ग्राहकाचा पुढे जास्त रक्कम मागायचा हक्क जात नाही. तरी आम्ही सहीच्या वर "रक्कम मान्य नाही, हरकत राखून स्वीकारत आहे" असं हाताने लिहिलं आणि तसा मेलही टाकला. नंतर अजून ७० हजार मिळाले, ते त्या एका ओळीमुळे असं मी आजही मानतो.

---

पाटील_नवी_मुंबई:

हे सगळं वाचून वाटतंय भावाने उगाच सोडलं. त्याचं २०२३ चं आहे, आता काही होऊ शकतं का?

---

निवृत्त_सर्व्हेअर_नाशिक:

पाटीलसाहेब, नकार लेखी मिळालाय का आणि कधी, त्यावर आहे. विमा लोकपालाकडे कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत. तारीख बघून लगेच कळवा, यात एक आठवडाही महाग पडतो.

ताई तुम्हालाही क्रम सांगून ठेवतो, वापरायची वेळ न येवो. आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला लेखी तक्रार. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवर नोंदवा, किंवा १५५२५५ वर फोन, तिथे टोकन नंबर मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावंच लागतं. एका महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, साधा अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. आणि सर्व्हेअरने लिहिलं म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, सुप्रीम कोर्टाने २००९ च्या निकालात म्हटलंय की सर्व्हे रिपोर्ट हा शेवटचा शब्द नसतो. मी स्वतः सर्व्हेअर होतो, माझेही दोन रिपोर्ट लोकपालाने बाजूला ठेवलेत, आणि त्यातल्या एकात चूक माझीच होती, मी पावसाळ्यात गेलो आणि सगळंच ओलं दिसलं.

आत्ता मात्र एवढंच करा, कंपनीला मेल: आधीच्या पत्रात लीकेज शब्द वापरला होता, घटना प्रत्यक्षात कनेक्शन पाइप तुटण्याची आहे, पुरावे जोडले आहेत, तुटलेला भाग जपून ठेवला आहे, फेरपाहणी करावी. सर्व्हेअरला कॉपी. सूर नम्र ठेवा. घर दहा दिवस बंद होतं याची भीती बाळगू नका, जुन्या फायर पॉलिसीत सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं असण्याची अट असायची, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. पैठणीही यादीत लिहा, कपडे हे घरातलं सामानच आहे. कागदपत्रं, मार्कशीट, रोख रक्कम हे मात्र मिळत नाही.

---

डोंबिवलीची_वहिनी:

अपडेट देतेय, पाच आठवडे झाले.

फेरपाहणी झाली. तेच सर्व्हेअर आले. मी काही बोलायच्या आधी झिपलॉकची पिशवी समोर ठेवली. त्यांनी नट खिडकीपाशी नेला, फिरवून बघितला, आणि म्हणाले हे मला त्या दिवशी का नाही दाखवलंत. मला रडूच आलं, कारण त्या दिवशी तो तीन फुटांवर बादलीत पडला होता आणि मला कळलंच नव्हतं की तो दाखवायचा असतो. मग दीड तास होते, पाण्याची रेघ मोजली, सगळीकडे चार ते साडेचार इंच. ग्रुपवरचा पहिला मेसेज ५.२२ चा निघाला, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा, "जिन्यात पाणी आहे, जपून उतरा". वॉचमनदादांनी दिलं लिहून, रात्री दोनच्या राउंडला जिना कोरडा होता म्हणून.

२ लाख ४१ हजार मंजूर झालेत, परवा खात्यात आले. फर्निचरवर घसारा (जुनं झालं म्हणून किमतीत कपात) लावलाय, तो कुठल्या कलमाखाली लावला ते लेखी विचारलंय आणि बाळूदादा म्हणाले तशी हरकत लिहूनच सही केली. वॉशिंग मशीन नाकारलं, ती चूक आमची, दिरांनी दुसऱ्या दिवशी लावून बघितलं होतं. काकूंचं पीओपी आम्ही आमच्या पैशातून करून दिलं, ४० चं ३४ मध्ये झालं, दोघी जाऊन रंग पण निवडला.

पैठणीचे ९ हजार धरलेत. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या ती मला माझ्या सासूने दिली होती, तिचे कसले पैसे. येवल्याला एक जण जुन्या पैठणीची जर काढून नव्या वस्त्रावर बसवून देतो असं कळलंय, दिवाळीनंतर घेऊन जाणार आहे त्यांना.

आता प्लीज डोंबिवली-कल्याणमधला कोणी चांगला सुतार असेल तर सांगा. या वेळी कपाट आणि ट्रॉल्या जमिनीपासून सहा इंच वर, खाली ग्रॅनाइटचे पाय लावून करायच्यात, प्लाय नाही टेकवायचा जमिनीला.